मीटिंगसाठी जागा ठरवताना: पहिल्या फोनपासून जीएसटीच्या बिलापर्यंत

छोटा कारखाना किंवा फर्म चालवणाऱ्याला वर्षातून काही वेळा ऑफिसबाहेर जागा घ्यावीच लागते. डीलरची बैठक असते, बँकेच्या माणसांना प्रकल्प समजावून सांगायचा असतो, नव्या भागीदाराशी बोलणी असतात, कंपनीची वार्षिक सभा असते. आपल्या केबिनमध्ये सहा माणसं जेमतेम मावतात आणि खाली मशिनं चालू असतात. मग कुणीतरी मोबाइलवर हॉल शोधतं, फोटो छान दिसतात, ॲडव्हान्स जातो. हॉल खरंच छान असतो, पण त्या बैठकीसाठी नसतो. मागच्यांना पडदा दिसत नाही, शेजारी साखरपुडा चालू असतो आणि बिलात तीन रकमा अशा निघतात की ज्यांचा उल्लेख आधी कुणी केलेलाच नसतो.

हे सगळं टाळता येतं, आणि त्यासाठी जास्त पैसे लागत नाहीत. लागतो तो थोडा आधीचा वेळ. मी जागा बघायला गेलो की शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसतो. तिथे बसणाऱ्याला दिसलं, ऐकू आलं, लिहिता आलं आणि वेळेत घरी जाता आलं, तर जागा योग्य. पुढे लिहिलेलं सगळं या एका कसोटीतून आलेलं आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. भोसरीत पाण्याचे पंप बनवणारं एक युनिट आहे. सातारा, सांगली, अहिल्यानगर आणि नाशिकहून १८ डीलर बोलवायचे आहेत, आपली ४ माणसं आहेत. वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच, जेवण धरून. एक नवा पंप दाखवायचा आहे आणि दिवाळीआधीच्या ऑर्डरी ठरवायच्या आहेत.

आधी कागद, मग फोन

बैठक उठताना काय ठरलेलं असायला हवं, ते एका ओळीत लिहून काढा. ‘नव्या पंपाची माहिती देणे’ एवढंच असेल तर लोक ऐकणार आहेत, खुर्च्यांच्या रांगा पुरतील. ‘प्रत्येक डीलरकडून ऑर्डरचा आकडा घेणे’ असेल तर प्रत्येकाला समोर टेबल हवं, सगळ्यांची तोंडं सगळ्यांना दिसायला हवीत आणि एकेकाशी बाजूला बसून बोलायला एखादा कोपरा हवा. माणसं तीच २२, पण पहिल्या बैठकीला तीनशे चौरस फूट पुरतात आणि दुसरीला सातशेच्या आसपास लागतात. म्हणून हॉलवाल्याने ‘किती माणसं?’ विचारल्यावर नुसता आकडा सांगून थांबू नका, ती काय करणार आहेत तेही सांगा.

माणसं मोजतानाही जरा सैल हात ठेवा. अठरा डीलर बोलावले की दोघा-तिघांबरोबर मुलगा किंवा दुकान सांभाळणारा माणूस येतो, आणि त्याला बाहेर बसा म्हणता येत नाही. उलट दोघं-तिघं आदल्या रात्री ‘येणं जमत नाही’ कळवतात. खुर्च्या २५ सांगा आणि जेवणाची हमी, म्हणजे माणसं कमी आली तरी ज्यांचे पैसे द्यायचेच अशा प्लेट, २० ची द्या. हे दोन आकडे वेगळे ठेवायचे असतात हे बऱ्याच जणांना पहिलं बिल हातात आल्यावर कळतं.

कोण कुठून येणार

आपल्याला जवळ पडणारी जागा पाहुण्यांना जवळची असेलच असं नाही. आपल्या उदाहरणात सातारा-सांगलीची माणसं कात्रज किंवा वारज्याच्या बाजूने शहरात शिरणार, नाशिकची चाकण-भोसरीकडून, नगरची वाघोलीकडून. भोसरीत बैठक ठेवली तर सांगलीकराला सगळं पुणे ओलांडावं लागेल, आणि सकाळी साडेनऊला ते सोपं नाही. सगळ्यांना आधी एकच प्रश्न विचारा: गाडीने येणार की एसटीने?

बहुतेक जण गाडीने येणार असतील तर बाणेर, वाकड, वारजे हा महामार्गालगतचा पट्टा बरा, आणि मग पार्किंग ही पहिली अट होते. एसटीने येणारे जास्त असतील तर शिवाजीनगरच्या आसपास बघा. दक्षिणेकडच्या गाड्या स्वारगेटला येतात आणि सप्टेंबर २०२४ पासून पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मेट्रो पूर्ण धावते. वनाज-रामवाडी मार्ग तिला जिल्हा न्यायालय स्थानकावर मिळतो. पुणे स्टेशनला उतरणारा माणूसही याच मार्गाने येऊ शकतो. मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांत येणारी जागा मिळाली तर निमंत्रणात स्थानकाचं नाव आवर्जून द्या.

मुंबईत बैठक असेल आणि आपण पुण्याहून जाणार असू, तर वेळापत्रक गाडीवरून ठरवा. डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला पुणे सोडते आणि १०.२५ ला सीएसएमटीला पोचते. परतीला ती ५.१० ला सुटते. फोर्ट-चर्चगेट भागात ११ ला सुरू करून चारपर्यंत संपवता येईल अशी बैठक ठेवली तर सगळे त्याच दिवशी घरी परततात. वांद्रे-कुर्ला संकुलात ठेवायची असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू आहे आणि ती सीएसएमटीवरूनही जाते. टॅक्सीच्या भरवशावर राहण्यापेक्षा ती बरी.

तारीख

तारखेचा विचार करताना कॅलेंडर समोर घ्या, आणि ते तिथी-वार लिहिलेलं मराठी कॅलेंडर घ्या.

पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आपली माणसं मोकळी असतात म्हणून गुरुवार सोयीचा वाटतो. पण पुण्यात पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची कामंही बहुधा गुरुवारीच काढतात. हॉलला पाण्याची टाकी पुरेशी आहे का, टँकर मागवतात का, हे गुरुवारच्या बैठकीला विचारायलाच हवं. पंचवीस माणसांच्या जेवणानंतर बेसिनला पाणी नसणं म्हणजे केलेला सगळा पाहुणचार वाया.

गणेशोत्सवाचे दिवस पेठांपासून लांब राहा. २०२६ मध्ये ते १४ ते २५ सप्टेंबर आहेत. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता या भागात त्या काळात गाडी घेऊन वेळेवर पोचणं अवघड असतं. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दोन-तीन दिवसांचंही तसंच. लग्नसराईत हॉटेलांचे मोठे हॉल महागतात आणि शेजारी बँड असण्याची शक्यता वाढते.

जेवणाशीही तारखेचा संबंध आहे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार यातलं काही त्या दिवशी असेल तर साबुदाण्याची खिचडी, फळं किंवा वरईचा भात चार-पाच माणसांपुरता सांगून ठेवा. जैन जेवण किती, हे निमंत्रणाच्या वेळीच विचारून घ्या. ग्रामीण भागातून आलेला डीलर उपास आहे म्हणून नुसता चहा पिऊन बसतो आणि तोंडाने काही बोलत नाही. त्याची सोय आपण न सांगता केलेली असली की तो ते लक्षात ठेवतो.

जागा कुठे कुठे मिळते

पाच-दहा माणसांची दोन-तीन तासांची बैठक असेल तर कोवर्किंगमधली, म्हणजे अनेक फर्म मिळून वापरतात अशा भाड्याच्या ऑफिसातली, तासावर मिळणारी खोली सगळ्यात सोपी. वीवर्क, रीगस यांच्यासारख्या साखळ्यांपासून गल्लीतल्या छोट्या जागांपर्यंत सगळीकडे हे मिळतं. इंटरनेट चांगलं, टीव्ही बसवलेला, चहा-कॉफी हाताशी. उणीव एवढीच की भिंती काचेच्या असतात, शनिवारी-रविवारी रिसेप्शनला कुणी असेलच असं नाही आणि बाहेरचं जेवण खोलीत चालत नाही.

हॉटेलात जेवणाची चिंता मिटते आणि पाहुण्यांना मान दिल्यासारखं होतं. खर्च मात्र जास्त.

नव्या माणसाच्या लक्षात न येणारा तिसरा पर्याय म्हणजे व्यापारी आणि उद्योजक संघटनांचे हॉल. पुण्यात १९३४ साली सुरू झालेल्या मराठा चेंबरचे टिळक रस्त्यावर आणि सेनापती बापट रस्त्यावर हॉल आहेत. मुंबईत चर्चगेटला इंडियन मर्चंट्स चेंबर आणि नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण सेंटर आहे. नाशिकच्या सातपूरला ‘निमा’, नागपूरला विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात इंजिनिअरिंग असोसिएशन आहे. तुमच्या गावच्या संघटनेकडे हॉल आहे का आणि सभासदांना काय दर आहे, हे आधी विचारा. एका वर्षाची वर्गणी दोन बैठकांच्या सवलतीत निघू शकते, शिवाय ओळखी होतात त्या वेगळ्याच. डीलर मीटसारख्या कामाला मला हाच पर्याय सगळ्यात पटतो. जागा साधी असते, पण रोज सभाच होत असल्याने माइक आणि खुर्च्या लावणाऱ्या माणसाला त्याचं काम येत असतं.

चौरस फूट आणि खुर्च्या

इथे जरा हिशेब करू, कारण फसगत इथेच होते. हॉलच्या माहितीपत्रकावर ‘क्षमता ४०’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा नाटकगृहासारख्या रांगांचं असतं. ढोबळ मापं अशी धरा: रांगांमध्ये माणशी ८ ते १० चौरस फूट, वर्गासारखी समोर टेबलं असतील तर १५ ते २०, एका मोठ्या टेबलाभोवती २५ ते ३०, आणि यू आकारात, म्हणजे तीन बाजूंना टेबलं आणि मध्ये मोकळी जागा असेल तर, ३० ते ३५. म्हणजे ४०० चौरस फुटांची ‘क्षमता ४०’ ची खोली यू आकारात १२-१३ माणसांची होते. आपल्या २२ जणांना ती पुरणार नाही. मॅनेजर ‘बसवून देतो साहेब’ म्हणेल, आणि बसवेलही. मग मधल्या माणसाला उठायचं असेल तर सहा जणांना खुर्च्या सरकवाव्या लागतील.

म्हणून हॉलची लांबी-रुंदी फुटांत विचारा. तीस बाय बावीसचा हॉल आपल्या कामाचा आहे: दोन्ही बाजूंना आठ-आठ, तळाला सहा, आणि यूच्या पोकळीत पंप मांडायला जागा.

आता पडदा. नेहमीचा ठोकताळा असा, की शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब बसू नये. ५५ इंची टीव्हीवरचं चित्र साधारण २७ इंच उंच असतं. त्याची सहापट म्हणजे साडेतेरा फूट. आपल्या हॉलमध्ये शेवटची खुर्ची पडद्यापासून पंचवीस फुटांवर आहे, म्हणजे तो टीव्ही तिथे निरुपयोगी. आठ फूट रुंदीचा पडदा असेल तर त्यावर आजच्या लॅपटॉपचं चित्र साडेचार फूट उंच पडतं आणि २७ फुटांपर्यंत चालतं. म्हणजे आपल्याला प्रोजेक्टर आणि आठ फुटी पडदा हवा. दराचं कोष्टक दाखवायचं असेल तर त्यातही अक्षर मोठं ठेवा आणि छापील प्रत प्रत्येकाच्या टेबलावर द्या. दर हा विषय लोकांना हातात धरून वाचायचा असतो.

प्रत्यक्ष बघायला जाताना

फोटोवरून बुकिंग करू नका. जागा बघायला बैठकीच्याच वेळेला जा. सकाळची बैठक असेल तर सकाळी, दुपारची असेल तर दुपारी. पश्चिमेकडच्या खिडक्यांतून दुपारी तीननंतर पडद्यावर ऊन येतं आणि पातळ पडदे ते अडवत नाहीत. ज्या वारी बैठक आहे त्याच वारी गेलात तर रहदारी आणि पार्किंगचाही अंदाज येतो.

गेल्यावर शेवटच्या खुर्चीवर बसा आणि बरोबरच्या माणसाला पडद्याशी उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. एकदा टाळी वाजवा. आवाज घुमून परत आला तर त्या खोलीत माइक लावूनही शब्द नीट कळणार नाहीत. टाइल्सची जमीन, काचेची भिंत आणि छत उघडं असेल तर हे हमखास होतं. एसी सुरू करायला लावा आणि त्याच्या आवाजातही तोच माणूस ऐकू येतो का बघा.

भिंतींना हात लावून बघा. हॉटेलातले मोठे हॉल सरकत्या पार्टिशनने दोन-तीन भागांत केलेले असतात. पार्टिशन छतापर्यंत घट्ट बसत नसेल तर पलीकडचा ढोल तुमच्या बैठकीत येतो. पलीकडे त्या दिवशी काय आहे, हे बँक्वेट मॅनेजरला सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

वीज आणि प्लग हा भाग आपल्या उदाहरणात विशेष महत्त्वाचा. एक अश्वशक्तीचा पंप चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. टेबलाजवळचा ६ अँपिअरचा प्लग आणि त्याच्यावर लॅपटॉपचं एक्स्टेन्शन असेल तर पंपाचं बटण दाबताच सगळं बंद पडेल. १६ अँपिअरचा पॉइंट कुठे आहे, त्याचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) वेगळा आहे का, हे हॉलच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून विचारा. शक्य असेल तर त्याच दिवशी पंप नेऊन एकदा चालवून बघा. पंप वर नेणार कसा, हेही आत्ताच बघा. सामानाची लिफ्ट आहे का, हॉलच्या दारात पायऱ्या आहेत का. जी वाट पंपाच्या ढकलगाडीला सोपी, तीच काठी टेकत येणाऱ्या वयस्कर डीलरला आणि व्हीलचेअरलाही सोपी असते.

जनरेटर आहे का एवढं विचारून भागत नाही. ‘जनरेटरवर एसी चालतो का?’ असं विचारा. अनेक ठिकाणी त्यावर फक्त दिवे आणि पंखे असतात.

इंटरनेट लागणार असेल तर हॉलच्या मधोमध उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट करा. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना साधारण ३-४ एमबीपीएस लागतात, आणि तेही बाकीची पंचवीस माणसं तेच वाय-फाय वापरत असताना मिळायला हवेत. परदेशी पाहुणा येणार असेल तर आणखी एक अडचण असते. आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक वाय-फायला मोबाइलवर ओटीपी येतो, आणि परदेशी सिमवर तो येईलच असं नाही. त्याच्यासाठी पासवर्ड किंवा गेस्ट कोड आधी मागून ठेवा.

स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा. स्त्रियांचं स्वच्छतागृह बघायला बरोबरच्या सहकारी बाईंना सांगा. हे सांगायला संकोच वाटायचं कारण नाही. त्यांचं मत ऐकूनच मी जागा नक्की करतो.

कोटेशन वाचणं

हॉटेल माणशी पॅकेज सांगतं: हॉल, दोन चहा, जेवण, प्रोजेक्टर सगळं मिळून. संघटनेचा हॉल भाडं सांगतो, बाकी वेगळं. तुलना करायची तर दोन्हींची शेवटची रक्कम काढावी लागते. समजा हॉटेलचं पॅकेज माणशी ९०० आहे आणि किमान हमी २५ माणसांची. मग २२ आली तरी २२,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ४,०५०, एकूण २६,५५०. दुसरीकडे हॉलचं भाडं ८,००० आणि प्रोजेक्टर १,५००, त्यावर १८ टक्के कर धरून ११,२१०. केटररची २२ जेवणं २५० प्रमाणे ५,५००, त्यावर ५ टक्के धरून ५,७७५. एकूण १६,९८५. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच तक्ता करा.

पॅकेजवर कर ५ टक्के लागणार की १८, हे हॉटेलवर अवलंबून असतं. ज्या हॉटेलात दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोल्या जातात तिथे साधारणपणे १८ टक्के लागतो. म्हणून ‘कर वेगळा’ एवढ्यावर न थांबता ‘कर किती टक्के?’ विचारा.

इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करण्याचा, भाग इथे महत्त्वाचा. हॉलच्या भाड्यावरचा जीएसटी तुम्हाला परत मिळवता येतो, खाण्यापिण्यावरचा सहसा नाही. म्हणून जिथे हॉल आणि जेवण वेगळं घेता येतं तिथे बिलंही वेगळी घ्या. हॉलमालक जीएसटीत नोंदलेलाच नसेल आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा कर रिव्हर्स चार्जने तुम्हाला भरावा लागतो. ‘आमच्याकडे जीएसटी नाही, स्वस्तात पडेल’ असं कुणी म्हणालं तर आधी आपल्या सीएला फोन करा.

राज्याबाहेर जाताना हे आणखी जपा. गोव्यात दोन दिवसांची बैठक किंवा बेळगावात डीलर मीट ठेवली, तर जागेच्या सेवेवर कर जागा जिथे आहे त्या राज्याचा लागतो. हॉटेल तुम्हाला गोव्याचा सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग) लावणार. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. तो १८ टक्के खर्च म्हणूनच धरा आणि मग ठरवा, की गोवा परवडतंय का.

भरणा बँकेतून करा. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात वजा धरला जात नाही.

पक्कं करताना

‘तारीख ब्लॉक केलीय साहेब’ म्हणजे बुकिंग झालं असं समजू नका. दुसरं मोठं गिऱ्हाईक आलं की तो ब्लॉक सुटतो. ॲडव्हान्स भरून पावती आणि पक्कं झाल्याचा मेल हातात आला की मगच निमंत्रणं पाठवा. मेल आपणच लिहावा आणि त्यांच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्यावं. साधारण असा:

‘आपल्या हॉलमध्ये अमुक तारखेला आमची बैठक ठरली आहे. २२ माणसं, यू आकार, प्रत्येकाला टेबल, जादा खुर्च्या ३. हॉल सकाळी ९ ते दुपारी ३ आमच्या ताब्यात, बैठक १०.३० ते २.३०. भाड्यात प्रोजेक्टर, आठ फुटी पडदा, दोन कॉर्डलेस माइक, व्हाइटबोर्ड, पाणी आणि वाय-फाय धरलेलं आहे. जनरेटरवर एसी चालेल. एक १६ अँपिअरचा पॉइंट यूच्या मध्यापर्यंत आणून द्यायचा आहे. शेजारच्या हॉलमध्ये या वेळेत वाद्यांचा कार्यक्रम नाही. चहा १० आणि ११.४५ ला हॉलबाहेर. जेवण १.३० ला, हमी २० प्लेट, वरच्या ५ पर्यंत त्याच दराने. जादा तासाचा दर, रद्द केल्यास आणि तारीख बदलल्यास होणारी कपात, डिपॉझिट परत मिळण्याची मुदत कृपया कळवावी. बिल आमच्या जीएसटी क्रमांकावर. त्या दिवशी हजर असणाऱ्या आपल्या माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर द्यावा.’

यातली ‘९ ते ३’ ही ओळ विसरू नका. अनेकजण बैठकीचीच वेळ बुक करतात. मग साडेदहाला पाहुणे दारात असतात आणि आत आधीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या उचलणं चालू असतं. चहा हॉलबाहेर हाही मुद्दाम घातलेला शब्द आहे. आत चहा आला की बोलणं तुटतं. बाहेर ठेवला की माणसं उठतात, दोघं-दोघं उभी राहून बोलतात, आणि धंद्याची निम्मी गोष्ट तिथेच होते.

रद्द करण्याच्या अटींत तारीख बदलण्याची सोय मागून घ्या. पैसे परत देणं हॉलवाल्यांना जड जातं, पण ‘दोन महिन्यांत दुसरी तारीख’ ते सहसा देतात.

वार्षिक सभा असेल तर

कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला कायद्याच्या अटी आहेत आणि जागा त्यातच बसायला हवी. सभा सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेतच सुरू व्हावी लागते, राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी घेता येत नाही, आणि ती नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते ज्या शहरात वा गावात आहे तिथेच घ्यावी लागते. असूचीबद्ध (शेअर बाजारात नोंद नसलेली) कंपनी सगळ्या सभासदांच्या आगाऊ संमतीने भारतात दुसरीकडे घेऊ शकते. सूचना पूर्ण २१ दिवस आधी जायला हवी आणि तिच्यात जागेचा पत्ता, खूण आणि रस्त्याचा नकाशा द्यायचा असतो. म्हणजे हॉल पक्का झाल्याशिवाय सूचना काढता येत नाही. आर्थिक वर्षानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सभा घ्यायची असते. सहकारी संस्था आणि हाउसिंग सोसायट्यांनाही तीच मुदत असते, त्यात गणपती. सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे लहान हॉल मिळणं कठीण, म्हणून जुलैतच बुक करा.

खासगी बोलणी

भागीदारी, जमीन, कंपनीची विक्री असा विषय असेल तर जागा शोधताना मुख्य गोष्ट गुप्तता. काचेची खोली नको. टीव्हीचा पडदा बाहेरून दिसतो का बघा. हॉटेलच्या लॉबीत ‘आज अमुक कंपनीची बैठक’ असा बोर्ड लागतो. तो लावू नका असं आधी सांगावं लागतं, नाहीतर आपलं गुपित तिथेच फुटतं. समोरच्या बाजूला आपसात बोलण्यासाठी दुसरी छोटी खोली घ्या. तिचं भाडं वाचवण्यात अर्थ नाही, कारण त्यांना पार्किंगमध्ये उभं राहून ठरवावं लागलं तर ते ‘कळवतो’ म्हणून निघून जातात.

आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या दिवशी दुपारी हॉलच्या माणसाला फोन करून मेलमधला एकेक मुद्दा वाचून दाखवा आणि जेवणाचा अंतिम आकडा सांगा. डीलरना लोकेशनची लिंक, पार्किंगचं दार कोणत्या रस्त्यावर आहे ते आणि आपल्या एका माणसाचा नंबर पाठवा. पिशवीत एचडीएमआय केबल, यूएसबी-सी चा अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, मार्कर, रिमोटचे सेल, आणि पेन ड्राइव्हवर सादरीकरण ठेवा.

सकाळी ९ ला आपला एक माणूस हॉलवर हवा. त्याने आधी पंप चालवून बघायचा, मग लॅपटॉप जोडायचा, मग माइक, आणि शेवटी मागच्या खुर्चीवरून दरांचा तक्ता वाचता येतो का ते बघायचं. नऊला सापडलेली अडचण साडेनऊला सुटते.

निघताना व्हाइटबोर्ड पुसा, डीलरनिहाय आकडे लिहिलेले कागद टेबलांवरून गोळा करा, हॉलच्या कॉम्प्युटरवर फाइल घेतली असेल तर काढून टाका. बिल तिथेच तपासा: नाव, जीएसटी क्रमांक, तास, प्लेटची संख्या. प्लेट मोजायला जेवणाच्या वेळी आपला माणूस उभा असेल तर वाद होत नाही. डिपॉझिट परत येण्याची तारीख डायरीत लिहा. आणि पुढच्या महिन्यात ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या यादीत) दिसतंय का, हे अकाउंटंटकडून बघून घ्या. दिसत नसेल तर हॉलवाल्याला लगेच फोन करा. त्याने ते आपल्या विवरणपत्रात दाखवल्याशिवाय तुम्हाला त्याचं क्रेडिट घेता येणार नाही.